लांब सुराचा फोटो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले कडवे वाल, परातीत कोमट पाणी, दोन बाजूंना दोघं. बायको चार सोलायची तोवर माझा एक व्हायचा, तोही चिरडून.

"अवं, बिरडं करायचंय, पिठलं नाय," ती म्हणाली. मग सोलता सोलता म्हणाली, "चौकच्या बँडमास्तरांचं पुढचं दोन दात हलतात. लग्नसराई सरली की काढनार. दात गेलं की ट्रंपेट गेलं. त्याच्या आधी त्यांचा वाजवतानाचा फोटू झाला पायजे. मी त्यांच्या बायकूला, वहिनीला, शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास आणि फोटो मी काढायचा?"

"मग! तुमचा शब्द कोन धरतंय?"

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. पुढचं सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. कर्जतला फोटोचं दुकान आहे. साखरपुडा, बारसं, पासपोर्ट सगळं काढतो, पण तालुक्यात मला ओळखतात ते बँडवाल्यांचे फोटो काढणारा म्हणून. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बँड वाजतो तिथं उजेड नसतो. मांडवात गॅसबत्ती, हॉलात एखादा बल्ब, तोही नवरदेवाच्या डोक्यावर. फ्लॅश मारला की पितळ चमकतं, तोंड चुन्यासारखं पांढरं पडतं आणि वाजवणारा दचकतो. आमची मंडळी म्हणायची, "फ्लॅशनं मास्तर चोर पकडल्यावानी दिसतात." म्हणून आम्ही फ्लॅश सोडला. पण बिनफ्लॅशचा फोटो म्हणजे अर्धा सेकंद कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवायची, आणि तेवढा वेळ समोरचा हलला की तोंडाचा चिखल होतो. वाजवणारा तर सारखाच हलतो. फक्त एका वेळी हलत नाही. सुरावर सूर चढवत जातो आणि शेवटी एक लांब सूर धरतो, तेव्हा माणूस खांबासारखा होतो. तेवढ्यात झडप पडली पाहिजे.

मला गाण्यातलं काही कळत नाही. देवळात मी आरती म्हणायला लागलो की शेजारचे थांबतात. ती मात्र भजनवाल्या घरातली. माझ्या मागं उभी राहायची, पाठीला बोट टेकून. मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघायचो. तिनं बोट दाबलं की मी खटका दाबायचो. इतकी वर्षं तालुक्यातल्या लोकांनी माझं नाव घेतलं ते त्या बोटाच्या जिवावर.

मास्तरांच्या बँडची शेवटची तीन कामं उरली होती. शनिवारी मोहोपाड्याला, रविवारी शिळफाट्याला, आणि त्याआधी शुक्रवारी चौकला तालीम. सोमवारी सकाळी पनवेलला दात. मी शुक्रवारी कॅमेरा गळ्यात अडकवून एसटीत बसलो. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

चौक

तुम्ही हायवेनं पुण्याला जाता तेव्हा चौकला चहा घेता आणि निघता. तुम्हाला ढाबे दिसतात, पंक्चरवाले दिसतात. मान वर केली तर इर्शाळगड दिसेल, सुईच्या नेढ्यासारखं भोक पडलेला. पण तुम्ही मान वर करत नाही, कारण समोरून ट्रक येत असतो.

मास्तरांचं नाव सखाराम. दिवसा ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवतात, लग्नात ट्रंपेट वाजवतात. घर गॅरेजच्या मागंच. वहिनी दारात कोंबड्यांना कणी टाकत होत्या.

"आलात व्हय? एकटंच?" त्या म्हणाल्या आणि जीभ चावली.

"एकटाच. दुसरं कोण येणार?" मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे. त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. आमच्याकडं सुकटीत कोकम टाकतात, इथं कैरी. खरं सांगायचं तर कैरी बरी लागते.

वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भावोजी, घरात यांचं फोटू चार हायत. समद्यात ट्रंपेट छातीशी धरून हुबं, पोलिसासारखं. वाजवतानाचा एक नाय. दात गेल्यावर लोक म्हनतील, हा वाजवत हुता कशावरनं?"

"लोक म्हणत नाहीत असं काही."

"लोक नाय म्हननार. हे सोताच म्हनतील." त्यांनी मास्तरांकडं बोट केलं. मास्तर भाकरी दुधात कुस्करून खात होते. पुढच्या दातांनी चावायची सोय राहिली नव्हती.

तालीम दुपारी गॅरेजात झाली. भिंती वंगणानं काळ्या, मधोमध गाडीखाली शिरायचा खड्डा, वर एक बल्ब. सहा माणसं त्या खड्ड्याच्या कडेनं उभी राहून वाजवतात. ढोलवाला गोमा इर्शाळच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला, फार बोलत नाही. मी काचेत बघायला लागलो. पाठीला काहीच नव्हतं. घामानं सदरा चिकटला होता तेवढंच. मी अंदाजानं दाबत गेलो. मोठा आवाज आला की दाबलं. आवाज तर सगळाच मोठा होता. रोल संपला.

"आले का?" मास्तरांनी विचारलं.

"रोल धुतल्याशिवाय देवालाही कळत नाही," मी म्हटलं. पण मला कळलं होतं.

मोहोपाडा

शनिवारी सकाळी बँडच्या टेंपोत ढोलाच्या शेजारी बसून मोहोपाड्याला गेलो. पाताळगंगा ओलांडली की वास बदलतो. शेणामातीचा वास मागं राहतो आणि नाकात कारखान्यांचं काहीतरी आंबट शिरतं. तिथले लोक म्हणतात, दोन दिवसांत सवय होते. मी म्हटलं, सवय वासाची होत नाही, नाकाला आळस येतो.

कॉलनीत सगळी घरं एकसारखी, पिवळी. माणसं मात्र एकसारखी नाहीत. घाटावरचे, आंध्राचे, केरळचे. तिथं नायर नावाचा कारखान्यातला एक गडी माझ्या ओळखीचा, कर्जतला माझ्याकडं फोटोचा कागद घ्यायला यायचा. त्याच्या न्हाणीत फोटो धुवायला लाल कागद गुंडाळलेला बल्ब होता. त्याच्या बायकोनं आधी इडल्या खायला घातल्या. आपलं घावन बरं, पण इडली पोटात शांत बसते हे कबूल. मग आम्ही दोघांनी न्हाणीचं दार लावून घेतलं, बल्ब मालवला आणि कालचा रोल काळोखात धुतला.

मग नायरनं बल्ब लावून ओला रोल त्याच्यासमोर धरला. "काका, सब हिल गया है."

सगळे बारा. मास्तरांच्या तोंडाच्या जागी धूर. ओल्या पाटीवरून कुणी हात फिरवावा तसं. मागची गॅरेजची भिंत तेवढी स्वच्छ, खिळे मोजून घ्यावे इतकी.

"फ्लॅश मारो ना, काका. किसको क्या पता चलेगा?"

"वहिनीला कळेल," मी म्हटलं. आणि ज्या बाईनं शब्द दिला होता तिला कळलं असतं, हे त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी कॉलनीच्या हॉलात साहेबांच्या मुलीचं रिसेप्शन होतं. साहेब लोकांना लग्नात उजेड चालत नाही असं दिसलं. ट्यूब बंद, आणि जिलेटिनचा कागद लावलेले लाल-निळे दिवे. आमच्याकडं बँड वाजला की माणसं नाचतात, नाहीतर भांडतात. इथं खुर्च्यांत बसून ऐकत होती आणि गाणं संपलं की टाळ्या. मास्तरांना टाळ्यांची सवय नाही, ते दर वेळी मागं वळून बघायचे, कोणासाठी वाजतायत म्हणून.

मी एक शक्कल लढवली होती. गोमाला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर लांब सूर धरणार असं वाटलं की माझ्याकडं बघून मान हलव. बास." गोमा "हां" म्हणाला. चांगला माणूस. इतका चांगला की फोटोवाल्याची सोय व्हावी म्हणून त्यानं सगळ्या बँडला सांगून ठेवलं.

गाणं चढत गेलं. मी भिंतीला टेकून कॅमेरा पोटाशी धरला. गोमानं मान हलवली, आणि त्याच क्षणी सहाच्या सहा जणांनी वाजवणं थांबवलं. टोप्या सारख्या केल्या. वाद्यं छातीशी घेतली. टाचा जुळवल्या आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.

हॉलात चिडीचूप. नवरीच्या हातात पेढा तसाच. साहेब खुर्चीतून उठले. "अहो, काय झालं? कुणी गेलं की काय?"

"फोटू हाय, सायेब," गोमा म्हणाला.

मास्तर ओठ न हलवता म्हणाले, "काढा की लवकर! आब्रू चालली."

मी दाबलं. काय करणार? आयुष्यात इतका स्वच्छ फोटो मी काढला नसेल. न वाजणाऱ्या बँडचा.

आपल्याकडं फोटो म्हटलं की माणूस हातातलं काम सोडतो. भाकऱ्या थापणारी हात धुऊन येते, न्हावी वस्तरा ठेवतो. काम करताना फोटो काढून घेणं म्हणजे उघड्या अंगानं पाहुण्यांसमोर जाणं. गोमाची चूक नव्हती. माझी अक्कल होती ती.

शिळफाट्याच्या वाटेवर

रविवारी टेंपोत मास्तर माझ्याशेजारी बसले. कालच्या प्रकारावर सगळे हसत होते, साइडड्रम वाजवणारा "सायेब, फोटू हाय" म्हणून गोमाला डिवचत होता. मास्तर हसताना तोंडावर हात धरत होते.

मग हळूच मला म्हणाले, "आमच्या वहिनी लांब सूर कसा वो वळखायच्या?"

"कानानं. तिला गाणं कळायचं. सूर कधी येणार ते गाण्यातच असतं ना?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. "गान्यात कुठं असतंय? गानं हाय तेवढंच. मी लांबवतो ते माझ्या मनानं. नवरीची आय रडाया लागली, तर लांबवतो. कुनी म्हातारं पाय धरून बसलं आसंल, त्याला जरा बरं वाटावं म्हनून लांबवतो. कवा लांबवनार ते मलाबी आधी ठावं नसतं."

"मग तिला कसं ठाऊक?"

"तेच तर इचारतोय मी."

खालापूरचा फाटा गेला. उन्हानं सावरी फुटून कापूस रस्त्यावर उडत होता. आमच्या संसाराची एक गोष्ट मला पक्की माहीत होती असं मी धरून चाललो होतो, आणि ती तशी नव्हतीच. आता कुणाला विचारणार?

शिळफाटा

खोपोलीचा शिळफाटा म्हणजे चारी बाजूंनी हॉर्न. घाट चढायच्या आधी ट्रकवाले इथं थांबून पाणी पितात, इंजिनाला पाजतात आणि देवाचं नाव घेतात. बाजाराच्या मागं पत्र्याचा एक हॉल आहे, तिथं लग्न. मुहूर्त गोरज. वऱ्हाड आपल्यातलंच, भातशेतीवालं, म्हणजे बाया आधी लग्नाची गाणी, धवले, गाणार आणि मग बँडला वाट. जेवायला भात, वाटाण्याची आमटी, जिलबी. पंगतीत एक म्हातारी मला म्हणाली, "फोटूवाल्या, बायकूला न्हाय आनलंस रं?" मी म्हटलं, "गेली ती." म्हातारीनं माझ्या पानात न विचारता आणखी एक जिलबी टाकली. समाचाराला आलेल्या किती माणसांनी किती काय सांगितलं असेल, ते सगळं विसरलो. ती जिलबी ध्यानात आहे.

ऊन उतरलं आणि दिवे गेले. डोंगराकडं बघितलं तर वीजघराचे मोठाले पाइप घाटावरून खाली उतरलेले स्पष्ट दिसत होते. वीज इथंच तयार होते आणि मुंबईला जाते. आमच्या वाट्याला दोन गॅसबत्त्या आल्या. एक नवरदेवापाशी, एक बँडपाशी खांबाला टांगलेली.

मंगलाष्टकं झाली. बँड सुरू झाला. मी दुसऱ्या खांबाला पाठ टेकली, म्हणजे पाठीला काहीतरी लागलेलं असावं म्हणून. मान खाली घालून काचेत बघितलं. गॅसबत्तीच्या उजेडात काचेत काय दिसणार? एक पिवळा ठिपका आणि काळोख. काही दिसतच नाही म्हटल्यावर मी मान वर केली आणि मास्तरांकडं बघायला लागलो. एरवी मी असं कधी केलं नव्हतं. काम काचेत बघायचं. माणसाकडं बघून काय करायचं?

मास्तर वाजवत होते. मधून मधून श्वास घेत होते, आखूड, नाकानं. तीनदा, चारदा. मग नवरीची आई पदर तोंडाशी धरून खाली बसली. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. त्यांचे खांदे वर गेले. कोटाची कॉलर मानेपासून सुटून वर आली, पोट आत गेलं, आणि एक मोठा श्वास आत गेला.

तो श्वास मी ओळखला.

तिचे शेवटचे चार दिवस मी तिच्या उशाशी हेच बघत बसलो होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिचा खांदा वर जातो का, गळ्याखालची कातडी उचलली जाते का. आखूड, आखूड, आखूड, आणि मग एक मोठा. मोठा आला की पुढं बराच वेळ काही हलायचं नाही, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत थांबायचो. तालुक्यात कुणी बघितला नसेल इतका मी माणसाचा श्वास बघितला आहे.

मास्तरांनी लांब सूर धरला. खांबासारखे झाले. मी दाबलं.

त्या संध्याकाळी सूर तीनदा लांबला, तिन्ही वेळा मला आधी दिसलं. आणि उभ्या उभ्या कळलं की ती माझ्या मागं उभी राहून नुसती ऐकत नव्हती. मी खाली बघत होतो, ती समोर बघत होती. कुणाची आई रडते, कोण कुणाच्या पाया पडतं, मास्तरांचा खांदा कुठं आहे, सगळं. मला वाटायचं, कान. कान नव्हता तो.

मला तिथं रडू आलं नाही. आलं असतं तर चाललं असतं, लग्नात कोण विचारतं? पण चौथा मोठा श्वास येईल म्हणून मी बघत राहिलो.

सकाळ

त्याच दिवशी शेवटच्या गाडीनं घरी आलो. सोमवारी उजाडायच्या आत उठून रोल धुतला. तिन्ही आले होते. त्यातला मधला असा की मास्तरांचे गाल फुगलेले, एक डोळा जरा बारीक, कपाळावरचे घामाचे थेंब मोजून घ्यावे. मागं गोमाचा हात आणि ढोलाचं टिपरू मात्र धूर झालेले. त्याचा एक कागद छापला, काच पुसली, त्यावर ओला फोटो चिकटवला आणि काच मांडीवर घेऊन चौकची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "आरसा हाय का? फुटंल." मी म्हटलं, "फुटला तर तुझ्यावर येईल."

वहिनींनी काच दारातल्या उजेडात धरली. बघितलं. परत बघितलं. मग म्हणाल्या, "यात दात कुठं दिसतात?"

"आगं येडे, वाजवताना दात दिसत्यात व्हय?" मास्तर म्हणाले. "दात दिसलं तर सूर पळाला आसं समजायचं."

"मग मी ज्यांच्यासाठी जीव टाकला ते दातच नायत की फोटूत!"

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता काच चुलीपासून लांब, फळीवर, भिंतीला टेकवून ठेवली. जाता येता दिसेल अशी. मग मला म्हणाल्या, "तुमी जा वो यांच्यासंगं. हे सुईला भितात."

पनवेलला दाताच्या डॉक्टरकडं मी मास्तरांची टोपी मांडीवर घेऊन बाहेर बसलो. ते बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही.

कर्जतची एसटी लागलेली होती. चौक वाटेतच लागतं. आम्ही शेजारी बसलो. माणूस शेजारी बसलाय आणि तो बोलू शकत नाही म्हटल्यावर कुणीतरी बोललं पाहिजे. म्हणून मी बोलायला लागलो. तिला बघायला गेलो तेव्हा तिनं मला चहा बशीत सांडून दिला होता तिथपासून. तिला अंधारखोलीत फोटो धुवायच्या औषधाचा, हिपोचा, वास आवडायचा, पण माशांचा चालायचा नाही. पाठीला बोट कसं लावायची ते. कुणी उसासा टाकला की ती "काय झालं?" विचारायची, दुसऱ्या खोलीतून. मास्तर ऐकत होते. मधे मधे कापूस सारखा करत होते.

चौक आलं तेव्हा मी पहिल्या तापाच्या दिवसापर्यंत पोचलो होतो. गाडी थांबली. कंडक्टरनं दोरी हातात धरून मास्तरांकडं बघितलं. त्यांना उतरायचं होतं हे त्याला ठाऊक होतं, गाव एवढंसं.

मी थांबलो. "जा," म्हटलं. "वहिनी वाट बघत असतील."

मास्तर उठले नाहीत. त्यांनी कंडक्टरला हातानं खूण केली, चल. मग मला खूण केली, पुढं सांगा. कंडक्टरनं घंटा मारली आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला वळली.